डोळ्यांदेखत

“गळ्याजवळ आणू नकोस. खांद्यावर दोन आणि पोटात एक, बास,” प्राध्यापक म्हणाले.

“दादा, ते मीच लिहिलंय. मलाच काय शिकवतोस?” धाकटा भाऊ हसला. हातातला रबरी सुरा त्याने तळहातावर दाबून पार दुमडून दाखवला.

व्यासपीठामागच्या खोलीत दोघंच होते. व्याख्यानमालेचा विषय होता ‘तंत्रज्ञान, कायदा आणि बदलता समाज’, आणि आजचं शेवटचं पुष्प प्राध्यापकांचं. त्यांचं म्हणणं असं, की कोर्टाने माणसाच्या डोळ्यावर विसंबू नये, कॅमेऱ्यावर विसंबावं. हे म्हणणंही मुळात धाकट्याचं. अकरा वर्षं थोरल्याची सगळी व्याख्यानं तोच लिहीत आला होता. दादाचा आवाज भारदस्त होता. धाकटा चार माणसं दिसली की अडखळायचा. घरात अक्कल आणि आवाज यांची वाटणी अशी झाली होती आणि कुणाची तक्रार नव्हती.

या वर्षी झाली.

“व्याख्यानांच्या पुस्तकावर माझं नाव,” धाकटा म्हणाला. “आणि आज शेवटी तू स्टेजवरून सांगायचंस, इतकी वर्षं कोण लिहितंय ते.”

“सांगतो म्हटलं ना.”

“नाही सांगितलंस तर मी सांगेन. अडखळत सांगेन, पण सांगेन.”

“अरे, शब्द दिलाय तुला.” प्राध्यापकांनी त्याची कॉलर सरळ केली.

बेत साधा होता. विसाव्या मिनिटाला धाकट्याने धावत येऊन हल्ला करायचा. प्राध्यापकांनी शर्टाखालची लाल रंगाची पिशवी फोडायची, दहा आकडे मोजायचे आणि जाहीर करायचं : बसा, हे प्रात्यक्षिक होतं. मग श्रोत्यांनी खुर्चीवर ठेवलेला निनावी फॉर्म भरायचा. हल्लेखोर कसा होता, काय काय घडलं. दोनशे माणसं दोनशे उत्तरं देणार आणि मुद्दा सिद्ध. आधी कुणालाच सांगायचं नव्हतं, कार्यवाहांनाही नाही. फॉर्म धाकट्यानेच छापून आणले होते. प्राध्यापकांनी त्यांवर नजरही टाकली नव्हती. धाकट्याचं लिखाण ते थेट व्यासपीठावरच वाचत.

हॉल भरला होता. निवृत्त वकील, निवृत्त शिक्षक, निवृत्त बँकवाले. फोन बंद ठेवण्याची सूचना ही मंडळी मनोभावे पाळत, कारण बऱ्याच जणांना तो पुन्हा चालू करता येत नसे. अध्यक्षस्थानी पस्तीस वर्षं न्यायदान केलेले माजी न्यायाधीश होते. तिसऱ्या मिनिटाला त्यांचा डोळा लागला.

“गेला महिनाभर मला जिवे मारण्याच्या धमक्या येताहेत,” प्राध्यापक मध्येच म्हणाले. “पण खरं बोलणाऱ्याने घाबरून कसं चालेल?”

पडद्याआड धाकटा चकित झाला. हे वाक्य त्याचं नव्हतं. दादाला स्वतःचं वाक्य सुचलेलं तो पहिल्यांदाच ऐकत होता. बरं होतं की. वातावरण छान तापलं. त्याला कौतुकच वाटलं.

विसाव्या मिनिटाला तो धावला. खांद्यावर दोन, पोटात एक. प्राध्यापकांचा पांढरा शर्ट लालभडक झाला. ते माइकला धरून उभे राहिले, दोन्ही हात वर केले आणि जीव खाऊन ओरडले.

पहिली खुर्ची धाकट्याच्या डोक्यात माजी न्यायाधीशांनी घातली. झोपेतून उठलेल्या माणसाच्या मानाने नेम चांगला होता. मग पुढची रांग वर चढली, तिच्या मागोमाग दुसरी. गुडघेदुखीमुळे एरवी जिना टाळणारे दोन वकील उडी मारून आले. आभारप्रदर्शनाच्या बाईंनी स्टीलचा जग तीनदा डोक्यात घातला. चौथ्यांदा जगचा कान तुटून हातात आला. “प्र... प्र...” धाकटा म्हणत होता. शब्द पुरा होईना. मग कुणाचा तरी बूट तोंडावर पडला आणि दात लाकडी फळ्यांवर खडखडले. माइकच्या स्टँडने त्याच्या बरगड्या मोडल्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. दहा आकडे केव्हाच होऊन गेले होते. पोलीस आले तेव्हा तो मेलेला होता आणि मंडळी आपापल्या जागी चपला शोधत होती.

इन्स्पेक्टरने जबाब घ्यायला सुरुवात केली. घटनेच्या वेळी सगळे स्वच्छतागृहात होते. स्वच्छतागृह एकच होतं. शेवटी त्याने खुर्च्यांवरचे फॉर्म पाहिले.

“हे आयतेच छापलेत. भरा सगळ्यांनी. नाव नका घालू,” तो म्हणाला. त्याचं निम्मं काम वाचलं.

प्राध्यापक लाल शर्टातच बसून होते. “माझा सख्खा भाऊ हो,” ते बसक्या आवाजात म्हणाले. “घसा फोडून सांगत होतो, हे खोटं आहे, खोटं आहे. कुणी ऐकेचना.”

“हॉलच्या कॅमेऱ्यात दिसतंय सर. हात वर करून थांबवताय तुम्ही. आवाज नाही त्यात, आणि बाकी सगळ्या पाठीच पाठी.” इन्स्पेक्टर फॉर्म चाळू लागला. “पाणी घ्या. उंची बघा, पाच फुटांपासून सव्वासहापर्यंत. शर्टाचे सात रंग. सुरा निम्म्यांच्या मते डाव्या हातात. कमाल आहे! तुमचा मुद्दा शंभर टक्के खरा निघाला, सर.”

प्राध्यापकांनी डोळे टिपत मान हलवली.

“आता नववा प्रश्न. ‘हल्ल्याच्या वेळी वक्ते माइकवरून काय म्हणाले?’”

इन्स्पेक्टरने एक फॉर्म पाहिला, मग दुसरा. मग तो भराभर उलटू लागला. एकशे अठ्ठ्याण्णव फॉर्म होते, एकशे अठ्ठ्याण्णव अक्षरं आणि उत्तर एकच : ‘सोडू नका त्याला, सुरा खरा आहे.’