बाबा धूसर का येतात?

बाबांचे अकरा फोटो काढले, अकराही धूसर. परदेशातला धाकटा भाऊ फोनवर वैतागला. "ताई, खरं सांग, बाबा बरे आहेत ना? काही लपवतेयस का?"

कॅमेऱ्याची लेन्स पुसली, बॅटरी बदलली, कार्ड काढून परत घातलं. बाबा खुर्चीत पुतळ्यासारखे बसले, तरी धूसर! मागच्या भिंतीवरच्या तसबिरीतली आई मात्र लख्ख. मला काही सुधरेना. शेवटी दुरुस्तीचं दुकान गाठलं.

दुकानदार काकांनी माझा फोटो काढला. एकदम स्पष्ट. "कॅमेरा ठणठणीत आहे."

"मग बाबांशीच त्याचं काय वाकडं आहे?"

मी फोटो दाखवले. ते बघून काकांनी बराच वेळ सेटिंगमध्ये खुडबुड केली. "कुणीतरी यात एक चेहरा नोंदवून ठेवलाय. तो दिसला, की कॅमेरा आधी त्यालाच धरतो. बाकीचे धूसर आले तरी चालतील. कॅमेरा कुणाचा?"

"बाबांचा."

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. आई हसत होती, तरुणपणची.

"ही नोंद पुसली, की बाबा स्पष्ट येतील. पुसू?"

"नको. दुसरं काही करता येईल?"

"त्यांना तसबिरीच्या जवळ बसवा. अंतर सारखं झालं, की तेही स्पष्ट येतील."

घरी आल्यावर बाबांची खुर्ची मागे सरकवली, पार भिंतीला टेकेपर्यंत. बारावा फोटो काढून पाठवला.

भावाचा लगेच फोन आला. "आता कसं! दोघंही छान आलेत."