बरं वाटतंय, पप्पा

“पोरीचा पाय जाणार असेल तर मला हे ऑपरेशन नको,” राजरत्न म्हणाला आणि खुर्चीवरून उठलाच.

डॉक्टरबाईंनी त्याला पुन्हा बसायला लावलं. त्याच्या मुलीच्या, यशोधराच्या मांडीच्या हाडाला, गुडघ्याच्या जरा वर, कॅन्सरची गाठ होती. किमोनं ती थोडी आटोक्यात आली होती, पण पायाच्या मुख्य रक्तवाहिनीला तिनं विळखा घातला होता. एरवी तेवढंच हाड काढून त्या जागी धातूचं बसवता आलं असतं. इथं ते जमणार नव्हतं. पाय मांडीतून काढला, तर पोर वाचण्याची चांगली आशा होती. पुढं नकली पायावर ती चालेल, शाळेत जाईल. मात्र उशीर करून चालणार नाही, असं बाईंनी पुन्हा पुन्हा बजावलं. राजरत्नच्या डोक्यात ‘काढला’ हा एकच शब्द घुमत राहिला.

यशू बारा वर्षांची. लालबागच्या त्यांच्या चाळीत तिची ओळख कबड्डीतली रेडर म्हणून. राजरत्न महापालिकेच्या पाणी खात्यात नोकरीला होता, पण जीव सगळा मैदानात. तरुणपणी नायगावच्या एका मंडळाकडून खेळलेला. मुलीला मातीत उतरवलं ते त्यानंच. तिचा गुडघा दुखायला लागला तेव्हा मुका मार असेल म्हणून तो स्वतः बाम चोळत बसायचा. गल्लीतल्या डॉक्टरनं क्रेप बँडेज बांधायला सांगितलं. सूज उतरेना, पोर झोपेत कण्हायला लागली, तेव्हा कुठं एक्स-रे निघाला. मग परळचं इस्पितळ, एमआरआय, बायोप्सी, किमो. केस गेले, गालफडं बसली. यशूनं तोंडातून शब्द काढला नाही.

त्या दिवशी डॉक्टरबाईंकडून घरी आल्यावर प्रिती, त्याची बायको, म्हणाली की निदान पोरीला तरी विचारू या. पाय तिचा आहे.

“बारा वर्षांच्या पोरीला काय विचारायचं? पाय कापू का म्हणून?”

प्रिती स्वयंपाकाला उठली. यशूला सांगण्यात आलं की औषधानं गुण आलाय, आता घरीच आराम करायचा. तिनं बरं म्हटलं.

ऑफिसातल्या गुणाजीनं कर्जतकडच्या एका हाडवैद्याचा पत्ता दिला. राजरत्नच्या घरात तीन पिढ्या कुणी अंगारा-धुपारा केला नव्हता. बुवाबाजीचा विषय निघाला की तो भल्याभल्यांना निरुत्तर करायचा. पण झाडपाला म्हणजे काही बुवाबाजी नव्हे, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली आणि हिरव्या लेपाचे डबे घेऊन आला. कामावरून आल्या आल्या हातपाय धुऊन तो यशूचा पाय मांडीवर घ्यायचा. लेप लावता लावता विचारायचा, कसं वाटतंय?

“बरं वाटतंय, पप्पा. कमी आहे.”

तेवढ्या उत्तरावर त्याचा दुसरा दिवस निघायचा. इस्पितळातून फोन यायचे. आधी त्यानं सबबी सांगितल्या, मग फोन उचलणंच सोडलं. चाळीत कुणी चौकशी केली की म्हणायचा, पुढच्या सीझनला मैदानात बघा तिला. यशू ते ऐकायची आणि हसायची.

गणपती उठले आणि यशूला खोकला लागला. आधी हवा बदलली म्हणून सोडून दिलं. मग दोन पावलं टाकली तरी धाप लागायला लागली. एका सकाळी प्रितीनं त्याला काही न विचारता फाइल काढली, टॅक्सी बोलावली आणि पोरीला परळला नेलं. राजरत्न ऑफिसातून धावत पोचला, तोवर सीटी स्कॅन झाला होता. दोन्ही फुप्फुसांत डाग होते.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर त्याला बरं वाटलं असतं. पाय आताही काढावा लागेल, त्या म्हणाल्या. नंतर फुप्फुसांचं ऑपरेशन, पुन्हा किमो. आशा संपलेली नाही, पण तेव्हा होती तेवढी आता राहिली नाही. आणि या वेळी मी यशूशी स्वतः बोलणार आहे.

यशू आईचा हात धरून आत आली. बाईंनी तिला समोर बसवलं आणि काहीही न लपवता, समजेल अशा शब्दांत सगळं सांगितलं. राजरत्न भिंतीला टेकून उभा होता. पोर किंचाळेल, आपल्याला बिलगेल, म्हणून त्यानं जीव मुठीत धरला होता. यशू रडली नाही. नकली पायानं चाळीचे जिने चढता येतील ना, एवढंच तिनं विचारलं. येतील, बाई म्हणाल्या.

राजरत्न तिच्यापुढं खाली बसला.

“यशू, हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. चुकलं माझं.”

“मला माहीत होतं, पप्पा,” ती म्हणाली.

अशा गाठीसाठी पाय काढावा लागतो, हे किमोच्या वॉर्डातल्या मुलांनीच तिला सांगितलं होतं. शेजारच्या पलंगावरच्या एका मुलीनं तर आपला नकली पाय काढून दाखवला होता. लेपानं दुखणं एक दिवसही कमी झालं नव्हतं, हेही आता तिनं सांगून टाकलं. मग बोलली का नाहीस, असं त्यानं कसंबसं विचारलं.

यशूनं मान खाली घातली.

“तुम्ही मला ऑपरेशन न करता घरी नेलंत ना, तेव्हा मला वाटलं, एका पायाची मुलगी तुम्हाला नको आहे.”