ओळंब्यातली लगोरी

"अगं सुनेत्रा, तिकडे कुठे शिरतेस? लगोरी दिसत नाही का?" इचलकरंजीहून फिरोज हेडफोनमध्ये ओरडला.

खेळ होता, पण परग्रहावरच्या गाड्या खऱ्या होत्या. घरबसल्या त्या चालवायच्या आणि तिथल्या नामशेष झालेल्या रहिवाशांचे दडलेले अवशेष शोधायचे. एखादी दरी धुंडाळून झाली की सुनेत्राची टोळी दरीच्या तोंडाशी दगडांची लगोरी रचून ठेवी. तिचा अर्थ: इथे काही नाही, पुढे चला.

"ही कुणी रचली?" सुनेत्राने विचारलं.

"मी नाही बाबा." फिरोज म्हणाला. टोळीतल्या तिसऱ्या मालतीबाईंनीही कानांवर हात ठेवले. टोळीत चौथं कुणी नव्हतं, आणि त्या अख्ख्या ग्रहावर चौथी गाडीही नव्हती.

सुनेत्राने कॅमेरा जवळ नेला. गाडीच्या लोखंडी पंजाने रचलेली लगोरी नेहमी वेडीवाकडी व्हायची. ही अगदी ओळंब्यात होती. मेलेल्यांच्या खुणा शोधायला निघालो आपण, आणि इथे कुणीतरी आपलीच खूण शिकून आपल्याला सांगत होतं: इथे काही नाही, पुढे चला.

दरीत आतवर मिणमिणणारा एक दिवा कुणीतरी घाईघाईने मालवला.