गुडघ्यांचं पेन्शन

कळसूबाईच्या पायथ्याशी हेमांगी काठी टेकत दगडावर बसली. तिचा नवरा अच्युत शेजारी उभा होता, साठीतही तरण्या पोरासारखा ताठ. निवृत्तीनंतर एकत्र शिखर गाठायचं म्हणून दोघांनी तरुणपणापासून गुडघ्यांतली ताकद पेन्शन खात्यात भरली होती. दोघांचं आयकर रिटर्न मात्र अच्युतच भरायचा. एकाच घरातलं तर आहे, असं म्हणत त्यानं कर वाचवायला तिचा भरणाही स्वतःच्याच रिटर्नमध्ये दाखवला. नियमाप्रमाणे करातली वजावट ज्यानं घेतली, दोघांची सगळी ताकद निवृत्तीनंतर त्यालाच परत मिळाली.

“पाठीवर बस, मी नेतो,” तो खाली मान घालून म्हणाला.

“नको. तू जाऊन ये.” तिनं त्याच्या गुडघ्यावरून हात फिरवला. “उतरताना जपून. माझेही आहेत ते.”