कॉलम विचारले, एवढंच

सुनेने कामाच्या लॅपटॉपवर एंटर दाबलं आणि तिचा चेहरा उतरला.

"आबा, घात झाला! डायलिसिस केंद्राच्या डेटाबेसमध्ये रुग्णांच्या उद्याच्या सगळ्या वेळा पुसणारी प्रोसीजर, म्हणजे तयार आज्ञांचा संच, साठवलेली आहे. तिला कोणते कॉलम, म्हणजे माहितीचे रकाने, लागतात, एवढंच मला बघायचं होतं. चुकून तीच चालली असेल तर? वेळा बघायची परवानगीही मला नाही."

त्यातली पहिली वेळ तिच्या सासूची, म्हणजे आमच्या हिची होती.

तिने कामावरच्या वरिष्ठ बशीरभाईंना फोन लावला आणि दिलेली आज्ञा वाचून दाखवली.

"अगं वेडाबाई, याने फक्त कॉलमची नावं आणि प्रकार कळतात," ते हसले. "प्रोसीजर जागची हलतसुद्धा नाही. थांब, बघतो... आहेत सगळ्या वेळा."

"म्हणजे भाजीत काय काय पडतं ते विचारलंस, चूल पेटलीच नाही?" मी म्हणालो.

"हो आबा!" ती डोळे पुसत हसली.

आतून आमच्या हिचा आवाज आला. "पुसल्या असत्यास तर बरं झालं असतं गं! एक दिवस सुयांपासून सुटले असते."

सून उठून तिच्या उशाशी जाऊन बसली. "आई, सकाळी सहाला तयार राहा. उद्या मी येतेय सोबत."