गोडादऱ्याचा शब्द

तपासणीच्या टेबलापुढचा हिरवा पडदा. भिंतीवर हात जोडलेल्या उमेदवाराचा फोटो. उज्ज्वलाचा सातवा महिना, सुजलेले पाय. दाराशी प्रचाराची रिक्षा.

गोडादऱ्याच्या या वस्तीत बायकांसाठी हा एकच फुकट दवाखाना. तो चालवणाऱ्या ट्रस्टचे भूपेंद्रभाई यंदा महापालिकेला उभे होते. रिक्षातून उतरून ते स्पष्टच म्हणाले, “सुभद्राबेन, इथली मतं मला पडली तर दवाखाना चालू. नाहीतर पुढच्या महिन्यात टाळं.”

गल्लीत शब्द चालणाऱ्या सुभद्राबाईंनी भाची उज्ज्वलाच्या पोटाकडे पाहिलं. “भाई, टेन्शन नका घेऊ. अख्ख्या गल्लीतल्या बायकांचा शब्द देते. इथलं एकही मत दुसऱ्याला जाणार नाही.”

“पण मावशी, आपलं तर...” उज्ज्वलानं तोंड उघडलं.

“तू गप पड. बीपी वाढंल.”

भूपेंद्रभाई निवडून आले. पेढे घेऊन दवाखान्यात आले, सगळ्यांदेखत सुभद्राबाईंच्या पाया पडले आणि आणखी एक नर्स देऊन गेले. उज्ज्वलाला मुलगी झाली, दोघी सुखरूप.

 

गल्लीतल्या सगळ्या बायकांची मतं राज्याच्या सीमेपलीकडे शिंदखेडा तालुक्यात, आपापल्या गावी होती.