अण्णांची फियाट

नंदीशनं फियाटचं बोनेट उघडलं, तेव्हा मल्लम्मानं मनातल्या मनात सौदा पुरा करूनसुद्धा टाकला होता. गाडी गेली की दारापुढची जागा मोकळी. तिथं शेवया वाळतील, कुरडया वाळतील, माणूस सरळ चालत घरात येईल. नवऱ्याच्या, शिवलिंगप्पांच्या, डोळ्यांनी आता दगा दिला होता. पुण्याच्या लेकानं फोनवर बजावलं होतं, "आई, बाबांच्या हातात गाडी नको." मल्लम्मा याच वाक्याची किती वर्षं वाट बघत होती. सोलापूरचा नंदीश जुन्या गाड्या घेऊन, रंगवून वरातीला भाड्यानं द्यायचा. तिनंच त्याला बोलावून घेतलं होतं.

शिवलिंगप्पा ओट्यावर बसले होते. होय म्हणत नव्हते, नाही म्हणत नव्हते.

कागदावर ती प्रीमियर पद्मिनी. पण अणदूर गावात तिला या नावानं कुणी हाक मारली नाही. फियाट ती फियाट. कंपनी कधीच बंद पडली, पार्ट भंगारातून शोधून आणावे लागायचे, तरी नाव तेच. पैसे भरून, नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट बघून गाडी मिळायची तो जमाना. नंबर लागला तसे शिवलिंगप्पा आणि त्यांचा धाकटा भाऊ सोलापूरला जाऊन ती घेऊन आले, आणि दारात न आणता आधी तुळजापूरला नेली. तिचा गिअर स्टेअरिंगच्या दांड्यालाच. शिवलिंगप्पा गाडी चालवायचे आणि धाकटा धुळाप्पा शेजारी बसून हवेतच गिअर टाकत राहायचा. गावातल्या कितीतरी लेकी याच गाडीतून सासरी गेल्या आणि बाळंतपणाला याच गाडीतून माहेरी आल्या.

मग वाटणी झाली. आडतीचं दुकान धाकट्याला, गाडी थोरल्याला, आणि अबोला दोघांना निम्मा-निम्मा.

घरं मात्र समोरासमोरच राहिली. त्यातच पुढं गाडी किल्लीवर सुरू करणारा सेल्फ गेला. तेव्हापासून रोज सकाळी शिवलिंगप्पा गाडीत बसायचे, किल्ली फिरवायचे, दार धाडकन आपटायचे आणि गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायचे, "आजबी रुसली." समोरचं दार उघडायचं. धुळाप्पा खांद्यावर टॉवेल टाकून यायचा, डिकीला खांदा लावायचा आणि ढकलायचा. गाडी दोन गचके खाऊन सुरू व्हायची. शिवलिंगप्पा मागं न बघता खिडकीतून हात बाहेर काढायचे. झालं. दोघं भाऊ दिवसभरात एवढंच बोलायचे.

मल्लम्माला या प्रकारात नवऱ्याचा कंजूषपणा तेवढा दिसायचा. "अवो, त्यो सेल्फ तरी बसवून आणा. भावजींचे गुडघे गेले ढकलून ढकलून."

"बघू."

"आन् न्हाय बसवायचा तर गाडी पल्याड उताराला लावा की. आपसूक चालू हुईल. हितं त्यांच्या दारासमोर सपाटीला कशाला लावता?"

"सावली हाय तिथं."

सावली कसली, दुपारचं ऊन थेट टपावर असायचं. पण या माणसाशी वाद घालून कुणाचं भलं झालंय, म्हणून तिनं तो विषय सोडला होता.

"काकू," नंदीशनं बोनेटातून डोकं वर काढलं. "सेल्फ गेलाय म्हणून कुणी सांगितलं तुमाला?"

"समद्या गावाला ठावं हाय."

"सेल्फ नवा हाय की. म्हंजी, बसवून लई वर्षं झाली असतील, पण वापर न्हाय. तार तेवढी काढून ठेवलीया."

"निसटली असंल."

"निसटंल कशी? टोकाला चिकटपट्टी गुंडाळून, बाजूला दोरीनं बांधलीया."

त्यानं दोरी सोडली, पट्टी काढली, तार जागेवर बसवली. गाडीत बसून किल्ली फिरवली. पहिल्या फटक्यात फियाट सुरू झाली. गचका नाही, कुरकुर नाही. त्यानं ती परत बंद केली आणि उतरून खुशीत टपावर थाप मारली.

मल्लम्मानं नवऱ्याकडं बघितलं. शिवलिंगप्पा खाली मान घालून धोतराचा काठ चाचपत होते. मग तिनं समोर बघितलं.

धुळाप्पा दारात उभा होता. खांद्यावर टॉवेल, एक पाय चपलेत. त्यानं सगळं ऐकलं होतं.

आता संपलं, तिला वाटलं. थंडीत, चिखलात, गुडघे धरून या माणसानं गाडी ढकलली, आणि भावानं तार सोडून त्याला नुसतं राबवून घेतलं. एवढं कळल्यावर कोण उंबरा ओलांडेल? एक धागा उरला होता, तो तिनंच गिऱ्हाईक बोलावून तोडला.

धुळाप्पानं दुसरा पाय चपलेत घातला. लंगडत गल्ली ओलांडली. मल्लम्मा पुढं झाली. "भावजी, आवो ऐका तरी—"

तो थांबला नाही. नंदीशला त्यानं हातानं बाजूला सारलं आणि बोनेटात वाकला. कुठली तार, हे त्याला शोधावं लागलं नाही. हात सरळ तिच्यावरच गेला. त्यानं ती काढली, टोकाला पट्टी गुंडाळली आणि जिथली दोरी तिथंच, तीच गाठ मारून बांधली. बोनेट लावलं. टॉवेलला हात पुसले.

मग तो गाडीच्या मागं गेला, डिकीला खांदा टेकवला आणि ओट्याकडं बघून म्हणाला,

"बसा, अण्णा. ढकलतो."